परीक्षेच्या दिवशी झाकलेली गाय

मी गाय बोलतेय. हंबरणार नाही, काळजी नको. मी कागदाची आहे. अंगाने काळी-पांढरी, चार पाय, चार सड, आणि सव्वीस ठिकाणी बाण मारलेले. प्रत्येक बाणाच्या टोकाला एकेक शब्द. खूर, जबडा, कास, शेपूट. माझ्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळं लिहूनच ठेवलंय.

सध्या माझा मुक्काम शाळेच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात आहे. पारदर्शक पिशवीत घालून वर लाल सील ठोकलंय. माझी चौकशी चालू आहे म्हणतात. मी काय केलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जनावरांचा खुराक विकणाऱ्या कंपनीने माझ्यासारख्या पाच हजार गायी छापून शाळांना फुकट वाटल्या. मी आले हॅडली क्रॉसिंगला. गावात एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि माणसांपेक्षा जास्त गायी. एबरसोल सरांनी मला शेती-दुग्धव्यवसायाच्या वर्गात, खिडकीजवळच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं. पहिल्याच आठवड्यात पोरांनी माझं नाव ग्लॅडिस ठेवलं. तिथे मी एकोणीस वर्षं होते.

एकोणीस वर्षांत माझ्याकडे नीट बघितलं असेल तर चार-पाच पोरांनी. बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुढच्या मुलीच्या केसांकडे बघितलं. एकाने माझ्या नाकावर च्युइंगगम लावलं, ते अजून आहे. मी कधी तक्रार केली नाही. भिंतीवरच्या वस्तूला कोणी बघत नाही, हे मी मान्य केलं होतं.

फक्त वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, मी एकदम धोकादायक व्हायचे.

आमच्या राज्यात बारा वर्षं शाळा शिकून, सगळ्या विषयांत पास होऊन भागत नाही. राज्याची एक वेगळी परीक्षा असते. ती पास झाली नाही तर शाळा संपल्याचं प्रमाणपत्र नाही. आणि ती परीक्षा ज्या खोलीत होते, तिथल्या भिंतीवर एकही अक्षर, एकही आकडा दिसता कामा नये. पोरांनी उत्तर बघितलं तर?

हे काम प्रूइट बाईंकडे. त्या परीक्षाप्रमुख. एका हातात यादी, दुसऱ्या हातात चिकटपट्टी आणि काखेत तपकिरी कागदाची गुंडाळी घेऊन त्या आल्या की भिंतीसुद्धा अंग चोरून घ्यायच्या.

"बाई, ही गाय बीजगणित कुठे शिकवते?" एबरसोल सर दरवर्षी विचारायचे.

"तिच्या अंगावर अक्षरं आहेत."

"कास असं लिहिलंय."

"अक्षरं ती अक्षरं, सर."

मग मला डोक्यापासून खुरापर्यंत झाकायचं. नळावर 'हात साबणाने धुवा' अशी पाटी होती, तीही झाकायची. त्या दिवशी पोरं हात न धुता परीक्षा द्यायची, पण प्रामाणिकपणे द्यायची.

आता डेलियाबद्दल सांगते. माझ्याकडे नीट बघणाऱ्या चार-पाच जणांतली ही एक. नववीत आली तेव्हा माझ्यासमोर उभी राहून सव्वीसच्या सव्वीस शब्द बोट ठेवून वाचले होते. गोठ्यात चाळीस गायींना किती दिवस किती चारा पुरेल ते ती तोंडी सांगायची. त्याच चाऱ्याला कागदावर कोणी 'एक्स' म्हटलं की तिचे हात गार पडायचे. वर्गातल्या बीजगणितात ती पास झाली होती. राज्याच्या परीक्षेत तीनदा नापास. पहिल्यांदा चार मार्कांनी, मग दोन, मग परत तीन.

तिची आई रॉन्डा याच शाळेत साफसफाई करायची. रॉन्डाने ही शाळा अकरावीत सोडली, कारण डेलिया पोटात होती. पुढे परत आली ती बादली घेऊन. रोज दुपारी चार वाजता फरशी पुसायला यायची आणि माझ्याशी बोलायची. बाकी कोणाशी बोलणार? मुलीसमोर काळजी दाखवायची नाही असं तिने ठरवलेलं.

"ग्लॅडिस, काल पोरगी जेवली नाही गं," म्हणायची. "मी विचारलं तर म्हणते भूक नाही. भूक कशी नाही? मी काही बोलले का तिला? बोलले असेन."

चौथी वेळ होती आणि समारंभाआधीची शेवटची. या एप्रिलात पास झाली तर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निळा झगा घालून प्रमाणपत्र घ्यायला सगळ्यांबरोबर स्टेजवर जाईल. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनिसाची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण तिथेही तोच कागद हवा. झगा तर रॉन्डाने मार्चमध्येच आणला होता. इस्त्री करून दाराला लटकवला होता. मग वाटलं, आधीच आणला म्हणून अपशकुन झाला तर? परत पिशवीत घातला. मग वाटलं, चुरगळेल. परत लटकवला. हे सगळं मला सांगायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रॉन्डाने खोली अशी घासली की एकोणीस वर्षांत तशी कोणी घासली नव्हती. डेलियाची जागा माझ्या अगदी खाली, भिंतीला लागून होती. रॉन्डाने तिचं टेबल पुसलं, खुर्चीचे पाय पुसले, आणि मग भिंत धुतली. माझ्या चारी बाजूंनी, दुप्पट साबण घालून.

"स्वच्छ बघून तिला बरं वाटेल," ती मला म्हणाली.

ती गेल्यावर अर्ध्या तासात प्रूइट बाई आल्या आणि त्या ओल्या, साबणाच्या भिंतीवर कागद लावून गेल्या. पट्टीवरून दोनदा हात फिरवला. मी कागदाखाली अंधारात. कोपरे सुटायला लागलेत हे मला कळत होतं. पण कागदाच्या गायीने ओरडायचं कसं?

सकाळी सात मुलं आली, सगळी या परीक्षेला परत परत बसणारी. रॉन्डाने डेलियाला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने डोकं चालतं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. प्रूइट बाईंनी दारातच थांबवलं.

"गोळीच्या कागदावर अक्षरं आहेत."

"कंपनीचं नाव आहे, बाई."

"सोल."

सहा गोळ्या सोलून डेलिया आत आली. त्या हाताला चिकटल्या, मग टेबलाला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा वरचा डावा कोपरा सुटला. मग उजवा. आणि मग तो सगळा तपकिरी कागद सरसर खाली येऊन डेलियाच्या डोक्यावर पडला, पदर घेतल्यासारखा.

"कोणीही वर बघू नका," प्रूइट बाई ओरडल्या.

त्यामुळे सातही जणांनी वर बघितलं.

बाई धावत आल्या आणि हात पसरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढची पन्नास मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. पण बाई किरकोळ बांध्याच्या आणि मी तब्येतीने बरी. त्यांच्या एका खांद्यावरून माझं तोंड दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूने शेपूट. एक मुलगा हसता हसता खोकायला लागला, तर बाईंनी त्याचं नाव लिहून घेतलं. डेलिया मात्र हसली नाही. तिने डोक्यावरचा कागद काढला, घडी करून पायाशी ठेवला आणि परत पेन्सिल उचलली.

त्या वेळी मी तिचा पेपर बघितला. माझी जागाच तशी होती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुपारी अहवाल लिहिला गेला. प्रूइट बाई प्रश्न वाचायच्या आणि स्वतःच उत्तर भरायच्या. "विद्यार्थ्यांनी काय पाहिलं? गाय. किती वेळ? सुरुवातीला चार सेकंद, नंतर कडेकडेने." मग मला खिळ्यांवरून काढलं, माझा फोटो राज्याच्या परीक्षा कचेरीला पाठवला आणि मला पिशवीत घालून या कपाटात ठेवलं. एकोणीस वर्षांत मला कोणी इतकं जपून धरलं नव्हतं.

मे महिन्यात पत्र आलं. एबरसोल सर ऑफिसात होते, बाईंनी त्यांना वाचून दाखवलं. तीन माणसांच्या समितीने माझ्या फोटोची तपासणी केली होती. गायीला चार पाय आणि चार सड असल्याचं त्यांच्या निदर्शनास आलं होतं. सतराव्या प्रश्नाचं उत्तर चार होतं. म्हणून त्या खोलीतल्या सगळ्यांचा सतरावा प्रश्न रद्द.

सरांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "शेपूट एकच आहे. एक उत्तर असलेला प्रश्न होता का?"

"सर, त्यांना सुचवू नका."

बाकी सहा जणांना त्या एका मार्काने काही फरक पडला नाही. काही तरले होते, काही बुडाले होते. डेलिया मात्र बरोबर काठावर पास झाली होती. सतरावा गेला आणि ती एका मार्काने नापास झाली. माझ्या सडांमुळे.

त्या दुपारी रॉन्डा बादली न घेता ऑफिसात आली.

"बाई, भिंत मी धुतली होती," ती म्हणाली. "पट्टी टिकली नाही ती माझ्यामुळे. माझं काय करायचं ते करा. पोरीचा मार्क परत द्या."

प्रूइट बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. परत एकदा सारखे केले. "पट्टी लावताना भिंत हाताला ओली लागली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कळलं होतं, रॉन्डा. पाच वाजत आले होते. घरी जायचं होतं."

"मग तसं लिहा ना."

"लिहिलं. दोनदा पाठवलं. ते म्हणतात, कागद का पडला हा मुद्दा नाही. गाय दिसली हा मुद्दा आहे."

"आणि तिने आधीच सोडवलेला असेल तर?"

"ते कोण सांगणार?"

मी कपाटात, दोघींपासून चार हातांवर होते.

समारंभाच्या दिवशी रॉन्डाची ड्यूटी होती. मुलांच्या चौसष्ट खुर्च्या तिनेच आदल्या दिवशी मांडल्या. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, एक काढा, नाहीतर रांगेत भोक दिसेल. ती एक खुर्ची तिने ऑफिसात आणली आणि माझ्या कपाटाशेजारी ठेवली. गोदामात नेली नाही. शनिवारी बँड वाजला, नावं पुकारली गेली, लोकांनी टाळ्या पिटल्या. रॉन्डा कपाटापाशी उभी राहून काच पुसत होती. एकच काच, नावं संपेपर्यंत. मग जाऊन तिने हॉल झाडला.

जुलैमध्ये परत परीक्षा, त्याच खोलीत. मी भिंतीवर नव्हते, पण माझ्या जागी भिंतीचा फिकट चौकोन उरला होता. प्रूइट बाईंनी विचार केला आणि तोही झाकला. एबरसोल सरांनी दारातून बघितलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. बाईंनी रॉन्डाला आठ दिवस त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी केली होती. तिने टाकलं नाही. तेवढे दिवस ऑफिसातली भिंत धुतली.

दवाखान्यातली डॉक्टरीण हुशार निघाली. मदतनिसाला प्रमाणपत्र लागतं, झाडूवालीला लागत नाही, म्हणून जूनपासून तिने डेलियाला झाडूवाली म्हणून ठेवलं. ऑगस्टपर्यंत त्या झाडूवालीच्या हातून अकरा वासरं जन्मली. दोन तर आडवी आली होती. त्यांतल्या एकानेही तिच्याकडे कागद मागितला नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी डेलिया ऑफिसात आली. पायात रबरी बूट, बुटांना शेण, हातात जाड पुठ्ठ्याचं पाकीट. रॉन्डा नुकतीच फरशी पुसून उठली होती.

"आई, प्रमाणपत्र पोस्टाने आलं."

रॉन्डाने हात अंगावरच्या कपड्याला पुसले, पण पाकीट घेतलं नाही. "तिथेच थांब. दारातून चालत ये. त्या खुर्चीपर्यंत."

"अगं, फरशी ओली आहे. बूट बघ माझे."

"असू दे. चाल."

प्रूइट बाई टेबलामागे होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि समारंभात वाचतात तशा आवाजात म्हणाल्या, "डेलिया स्टकी."

डेलिया चालली. ओल्या फरशीवर शेणाची सोळा पावलं उमटली. कपाटाशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि पाकीट मांडीवर ठेवलं. रॉन्डाने टाळ्या वाजवल्या, मग तोंडावर हात धरला. त्या दिवशी तिने फरशी परत पुसली नाही.

मी आनंदात आहे. पण माझी चौकशी अजून बंद झालेली नाही आणि पिशवीवरचं सील तसंच आहे. मला परत भिंतीवर लावा असंही माझं म्हणणं नाही. तिथे आता कोऱ्या भिंतीचं कौतुक आहे.

माझं मागणं लहान आहे. त्या तीन माणसांनी माझे पाय मोजले, सड मोजले, पण मला काही विचारलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कागद पडला तेव्हा डेलिया बाविसाव्या प्रश्नावर होती. सतराव्याच्या उत्तराचा गोल काळा करून झाला होता, नीट, कडेपर्यंत. चार हे उत्तर तिने मला बघायच्या आधी काढलं होतं.

कुठे लिहून घेणार असाल तर एवढं लिहून घ्या.