डाव्या बाजूची शिवण

जिलानीनं टेबलावर पसरलेलं सीट कव्हर उलटं केलं आणि डाव्या बाजूची शिवण नखानं उचलली.

"हे बघा साहेब. बाकी समदं नायलॉननं शिवलंय, एवढी एक वीत सोडून. इथं कच्चा धागा हाय. इथूनच ती हवेची पिशवी बाहेर येतीय. फुगली असती तर हे टरकन उसवलं असतं. उसवलंच न्हाई."

आनंदराज वकिलांनी शिवणीवर बोट फिरवलं. शेजारी बसलेल्या मोहसीननं, जिलानीच्या जावयानं, नुसती मान हलवली.

निलंग्याहून येताना मोहसीनची गाडी पुलाच्या कठड्यावर डाव्या बाजूनं आदळली, तेव्हा या सीटवर सालेहा बसली होती. जिलानीची एकुलती एक लेक. मागे नातवंड, अलीझा. सालेहा जागीच गेली. अलीझाचा मणका दुखावला आणि पाय हलेनासे झाले. बाजूची एअरबॅग उघडलीच नव्हती. सीटखालची वायर सैल होते हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. परदेशातल्या असल्याच गाड्या तिनं परत बोलावून दुरुस्त करून दिल्या होत्या. इथं मात्र तिनं पत्र पाठवलं. पत्राच्या सुरुवातीला कंपनीला अतीव दुःख झालं होतं. असल्या कंपन्यांना दुःख फार चटकन होतं. त्याच्या खालीच लिहिलं होतं की बाहेरून शिवून घेतलेल्या कव्हरमुळे एअरबॅग अडकली.

कव्हर जिलानीनंच शिवलं होतं. लातुरात गंजगोलाईजवळ त्याचं कुशनचं दुकान आहे. लेकीच्या गाडीसाठी त्यानं खास हैदराबादहून रेक्झिन आणलं होतं.

"केस आपण जिंकू," वकील म्हणाले. "पण इथला ग्राहक आयोग, मग राज्याचा, मग दिल्ली. कंपनी शेवटपर्यंत भांडणार. वर्षं जातील."

"आणि ऑपरेशन?" मोहसीननं विचारलं.

हैदराबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन या उन्हाळ्यात झालं तर पोरगी चालेल, उशीर झाला तर नाही.

 मग आनंदराजांनी कंपनीचा निरोप सांगितला. ऑपरेशनचा सगळा खर्च ती द्यायला तयार आहे, माणुसकी म्हणून. त्यासाठी जिलानीनं लिहून द्यायचं की शिवण पक्की होती आणि चूक त्याचीच. कव्हर कंपनी घेऊन जाणार. पुढे कुणीही विचारलं, घरात असो की बाहेर, तरी हेच सांगायचं. वेगळं काही कानावर आलं तर खर्च परत वसूल करणार.

"सही करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, चाचा," वकील म्हणाले.

जिलानीनं कव्हराची घडी घातली, गिऱ्हाइकाला देताना घालतो तशी, चारी कोपरे जुळवून.

"पोरगी चालंल का?"

"डॉक्टर चालंल म्हणतात," मोहसीन म्हणाला.

"मग बोलवा त्यांना."

कंपनीचा माणूस आला तो मोठा सज्जन निघाला. त्यानं सगळ्यांसाठी चहा मागवला. 'निष्काळजीपणा' हा शब्द जिलानीला धड लिहिता येईना, तेव्हा त्यानं तो कोऱ्या कागदावर ठळक काढून दाखवला. मग जिलानीनं तो बघून बघून उतरवला. जाताना त्या माणसानं कव्हर पिशवीत घातलं आणि जिलानीच्या खांद्यावर हात ठेवला.

हैदराबादला निघायच्या आदल्या संध्याकाळी जिलानी ताट घेऊन नातीच्या खाटेजवळ गेला. मराठी शाळेत जाणारी अलीझा घरातही शाळेसारखंच बोलायची.

"नाना, अब्बू फोनवर सांगत होते. तुम्ही कव्हर पक्कं शिवलं म्हणून अम्मी गेली. खरं आहे का?"

जिलानीनं मोहसीनकडे पाहिलं. तो बॅग भरत होता. त्यानं मान वर केली नाही. लेकराला खरं सांगावं, तर लेकरू ते. शेजारी बोलेल, इस्पितळात बोलेल, कुणाच्या ना कुणाच्या कानावर जाईल.

"व्हय," तो म्हणाला.

ताट खाली ठेवून तो तिला उठवून बसवायला वाकला. अलीझानं दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली.

"तुम्ही नको. अब्बू उठवतील."

मोहसीननं तिला बसवलं, भरवलं, पाणी पाजलं. ती झोपल्यावर तो बाहेर आला. जिलानी पायरीवर बसून रडत होता आणि डोळेही पुसत नव्हता. जावई शेजारी येऊन उभा राहिला.

"मामू, एक विचारू?"

"विचार."

"धागा कच्चाच होता ना?"

जिलानीनं वर पाहिलं.

"तू व्हतास की तिथं. सोताच्या डोळ्यानं बघितलंस."

"बघितलं," मोहसीन म्हणाला. "पण मला काय कळतंय शिवणीतलं."