एकतीस नावांची भिंत

गुणवंता पांढुर्ण्याहून हार घेऊन परतला, तेव्हा मधल्या खोलीची भिंत पांढरीशुभ्र झाली होती आणि राजू वाकून ब्रश धूत होता.

"झालं काका. एक कोपरा नाही सोडला," राजू म्हणाला.

गुणवंताला आधी खोलीच चुकल्यासारखं वाटलं. मग हार खाली टाकून तो भिंतीपाशी गेला.

मोहगावच्या या घरात रेल्वेत खलाशी म्हणून मजुरी करणारे भाऊराव वस्तीतल्या मजुरांना शिकवायचे. पाट्या आणायच्या कुठून? भिंत हीच पाटी. स्वतःचं नाव लिहिता आलं की ते कोळशाने भिंतीवर लिहायचं, एवढीच परीक्षा. एकतीस जण पास झाले. घराचं संग्रहालय झालं ते या भिंतीपायी, आणि उद्या भोपाळचे साहेब येणार होते तेही हीच बघायला. त्या एकतिसांत गुणवंताचा बाप होता, कवडू. जन्मभर दुसऱ्यांच्या संत्राबागांत राबून गेला. मागे ना फोटो, ना कागद. अकरा वर्षं घराची राखण करताना गुणवंता रोज सकाळी त्या तीन अक्षरांना हात जोडायचा.

राजूवर ओरडायलाही त्याला तोंड नव्हतं. पूर्ण घर चुन्याने पोत, असं सकाळी त्यानेच सांगितलं होतं. ही भिंत सोड, हे सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. विहार रंगवायला आलेल्याला मूर्तीला चुना लावू नको म्हणून कोणी बजावतं का?

त्याने बादली ओढली, फडकं भिजवलं आणि घासायला लागला. ओला चुना सुटू लागला. खाली काळी रेघ दिसली तसा त्याचा हात आपोआप हलका झाला. पण रेघ फडक्यावर आली आणि भिंतीवर नुसती माती उरली. दुसरं नावही तसंच गेलं. तरी तो वेड्यासारखा घासतच राहिला. शेवटी राजूने गुणवंताच्या बायकोला, करुणाला बोलावून आणलं.

तिने त्याचं मनगट धरलं. "काय करून राहिले तुम्ही? काही नाही उरलं आता तिथं."

"इथंच होतं, करुणा. रोज पाहत होतो मी."

उद्या साहेबांना खरं ते सांगू, ती समजावत राहिली. त्याला ऐकू येत नव्हतं. पाणी पार राखाडी झालं होतं. ते अंगणात फेकायला तिने बादली उचलली.

"ठेव ते," गुणवंता म्हणाला. "बाबा हायेत त्यात."

करुणाने बादली सावकाश खाली टेकवली. पाणी हलायचं थांबेपर्यंत तिने कडीवरचा हात काढला नाही.