माझी पाठ कोरी आहे

मी बहारीनमधल्या अदलिया भागातल्या एका ऑफिसच्या भिंतीवरचा कागद बोलतोय. सोनेरी चौकटीत बसलोय, पण अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

माझा जन्म १९९४ साली पुण्यातल्या एका हॉटेलात झाला. 'सुखी संसार' नावाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. दोन्ही दिवस हजर राहिलेल्या प्रत्येकाला माझं एकेक भावंड मिळालं. मी माझ्या साहेबांच्या, गुरुप्रसादांच्या वाट्याला आलो. बहारीनला परतताच त्यांनी दारावर पाटी लावली : 'विवाह व कुटुंब समुपदेशक, परवानाधारक'. कसला परवाना? मी नुसती हजेरीची पावती!

दोन वर्षं जोडपी येतायत. साहेबांचं औषध एकच, "थोडं ॲडजस्ट करा." नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईलाही तेच सांगितलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

गेल्या गुरुवारी शेजारच्या माहूज भागातून विश्वजीत आणि संघप्रिया आले. तो एसी टेक्निशियन, ती एका कंपनीत व्हिसाचे कागद तपासणारी. चार महिने दोघांत बोलणं बंद. निरोप पोचवायची ती त्यांची सात वर्षांची लेक श्रावस्ती. संघप्रियाने महिनाभर टेलिफोन डिरेक्टरी चाळून हा पत्ता शोधला होता. इथेही जमलं नाही, तर ती लेकीला घेऊन कायमची नागपूरला जाणार होती.

दहा मिनिटांत साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही नोकरी सोडा. घर आपोआप जागेवर येईल."

संघप्रिया रडली नाही. उठली, मला खिळ्यावरून काढलं, पुठ्ठा सरकवला आणि माझी कोरी पाठ पाहिली. आखातात प्रमाणपत्र खरं असल्याचा एम्बसीचा शिक्का पाठीवर असतो, म्हणून कागद तपासणारा माणूस आधी मागचे शिक्के बघतो.

"सर, एम्बसीचा शिक्का कुठाय?"

"अहो, आधी खाली ठेवा ते!"

"एसी दुरुस्त करणाऱ्याला शिक्क्याशिवाय व्हिसा भेटत नाही जी. अन् तुम्ही आमचा संसार दुरुस्त करायला बसले?"

विश्वजीत इतका वेळ फरशीकडे बघत होता. त्याने मला हातात घेऊन पुढून वाचलं.

"दोन दिवसांची हजेरी," तो म्हणाला. मग चार महिन्यांत पहिल्यांदा थेट बायकोकडे वळला. "खलास. चल प्रिया, खराखुरा शिकलेला शोधू आपण."

ते गेले. साहेबांनी काच पुसली आणि मला पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं.

उद्या चार वाजता पलीकडच्या झिंज भागातलं एक जोडपं येतंय. वाचकहो, ते तुम्ही असाल तर हात जोडतो, आल्या आल्या खुर्चीत बसू नका. आधी मला उलटा करा.