चष्मेवाल्याची पौर्णिमा

पौर्णिमा जवळ आली की त्या घरात सगळ्यात आधी काचेचं सामान हलायचं. सासूबाई कपबश्या, पेले, पाण्याचा मोठा जग, सगळं जुन्या टॉवेलांत गुंडाळून पलंगाखालच्या पेटीत ठेवायच्या आणि टेबलावर स्टीलची भांडी यायची. रेडिओ बंद व्हायचा. नातीची पिशवी भरली जायची आणि तिची रवानगी मावशीकडे व्हायची. वादळाची सूचना मिळाल्यावरही लोक इतकी तयारी करत नसतील. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर घरातल्या कर्त्या पुरुषाला, म्हणजे चष्मेवाल्याला, चंद्र बाधतो म्हणून.

लग्नानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला चहाचा अख्खा सेट भिंतीवर फुटला, तेव्हा सासूबाईंनी सुनेला जवळ बसवून समजावलं होतं. तो जन्मलाच पौर्णिमेचा, त्याच्या वडिलांचंही असंच होतं, एवढ्या मोठ्या समुद्राला भरती येते तिथे माणसाचं काय घेऊन बसलीस. सून पोस्टात काउंटरवर बसणारी, शिकलेली. पण घाबरलेल्या माणसाला कसलं का होईना, कारण मिळालं की बरं वाटतं. तिनेही ते पदरात घेतलं. तिची बहीण काही बोलली की ती म्हणायची, महिन्यातून एकदाच ना, बाकीचे दिवस सोन्यासारखा वागतो.

पण महिन्यातून एकदा होणारं हळूहळू आदल्या दिवशीही व्हायला लागलं, मग दुसऱ्या दिवशीही. चंद्र भरत आलाय, चंद्र अजून उतरला नाही, असं काहीबाही सासूबाई सांगत राहिल्या. गेल्या महिन्यात लेकीला ताप होता म्हणून ती घरीच राहिली, आणि बापाने भिरकावलेला स्टीलचा तांब्या तिच्या कानाजवळून गेला. ते ऐकल्यावर बहिणीने वाद घातला नाही. मागची खोली रिकामी केली आहे, दोघींची अंथरुणं घातली आहेत, काय ते ठरव, एवढंच म्हणाली. ही एक पौर्णिमा जाऊ दे, असं ती बहिणीला सांगून आली होती.

ती एक पौर्णिमा आज होती. चार रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोस्टात तिने एकाच पाकिटावर दोनदा शिक्का मारला, एका आजोबांना दुसऱ्याचंच पार्सल दिलं, दर थोड्या वेळाने उठून पाणी पिऊन आली. शेजारच्या काउंटरवाल्याने विचारलंसुद्धा, आज अंगात काय शिरलंय म्हणून. खरं सांगायचं तर चंद्र कुणाला बाधत असेल तर तो हिलाच.

अर्धी रजा टाकून तिने लेकीला शाळेतून घेतलं आणि बहिणीकडे पोहोचवलं. दारातच लेकीच्या चष्म्याची काडी निखळून हातात आली. चष्म्याशिवाय तिला फळ्यावरचं ओ की ठो दिसत नाही, आणि सकाळी शाळा. म्हणजे दुकानात जाणं आलं. पौर्णिमेला घरातल्या कुणी दुकानाकडे फिरकायचं नाही, उगाच डिवचायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. नऊ वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. त्यामुळे त्या दिवशी दुकानात तो कसा असतो, हे तिने पाहिलंच नव्हतं. बिचाऱ्या गिऱ्हाइकांचं काय होत असेल, या धास्तीतच ती दुकानाकडे निघाली.

दुकानात गर्दी होती. ती अक्षरांच्या तक्त्यापाशी मागे उभी राहिली. काउंटरवर एक जाडजूड गृहस्थ तावातावाने बोलत होते. नंबर चुकीचा काढलात, जिन्यावरून पडता पडता वाचलो, तुम्ही सगळे चोर आहात. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला आणि चष्मेवाल्याच्या छातीवर फेकला.

तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

चष्मेवाला खाली वाकला. चष्मा उचलला, मऊ कापडाने पुसला. "बसा काका," तो म्हणाला. "जरा पाणी घ्या. काच बरोबर आहे, चौकट वाकलीये, म्हणून जिना हलतो." मग त्याने बारका स्क्रू चिमट्यात धरला, मोहरीएवढाही नसेल तो, आणि पहिल्या फटक्यात जागेवर बसवला. बोट थरथरलं नाही. गृहस्थ तणतणतच गेले, तरी हा दारापर्यंत पोहोचवायला गेला.

तेवढ्यात त्याला ती दिसली. लेकीचा चष्मा त्याने मिनिटात नीट करून दिला. देताना जरा पुढे झुकला आणि चष्मा सुती कापडानेच पुसा असं गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात म्हणाला, "आज जेवण वेळेवर हवं. कमी-जास्त चालणार नाही. माहितीये ना आज काय आहे?"

बहिणीकडे चष्मा देऊन ती घराकडे निघाली. घर आलं तरी थांबली नाही, पुढे गेली, वळून आली, पुन्हा पुढे गेली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. नऊ वर्षांत तिला राग कधी आलाच नव्हता, नुसती भीतीच वाटत आली होती. राग हा असा असतो, हे तिला आज कळत होतं. तिने मनाशी ठरवलं, आज पाण्याचा जग टेबलावर राहील. फुटला तर निघायचं.

घरी येऊन तिने पेटी ओढली आणि सगळं काचेचं सामान बाहेर काढलं. सासूबाई आधी समजावू लागल्या, मग चिडल्या, मग रडवेल्या झाल्या. तिने पेले पुसून मांडले. मधोमध जग, काठोकाठ भरून.

चष्मेवाला आला, जेवायला बसला. पेल्यांकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. हे काय, असं त्याने विचारलं. पेले, असं तिने सांगितलं. त्याने एक घास घेतला, भाजीत मीठ नाही म्हणाला, आणि खुर्ची मागे आदळून उठला. जग त्याच्या हातात होता, हात खांद्याच्या वर. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

तिने हात मांडीवरच दाबून धरले. ती म्हणाली, "दुपारी त्या गृहस्थांनी चष्मा तुमच्या छातीवर फेकला. तेव्हाही पौर्णिमाच होती."

त्याने जग खाली आणला आणि टेबलावर ठेवला. आधी एक कड, मग पूर्ण तळ, दुकानात भिंग ठेवतो तसा. पुन्हा खुर्चीवर बसला आणि जेवायला लागला.

"टळलं गं बाई," सासूबाई पुटपुटल्या.

तिलाही वाटलं होतं, टळलं तर हलकं वाटेल. ती जगाकडे बघत होती. फुटला असता तर कदाचित तिने आणखी नऊ वर्षं चंद्रालाच बोल लावला असता. पण जग खाली ठेवता येत होता. चहाचा सेटही ठेवता आला असता, तो तांब्याही.

ती आत गेली, कपाटावरची बॅग काढली, स्वतःचे कपडे भरले, लेकीचे भरले. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला. त्याला खरंच काही उमजत नव्हतं. "अगं, आज मी काही केलं का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही केलंत. तेच बघायचं होतं मला."

तो बाजूला झाला नाही, पण तिला अडवलंही नाही. ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा सासूबाई सवयीने पेले टॉवेलात गुंडाळत होत्या. एक पेला हातात तसाच राहिला होता. त्या सुनेकडे नव्हे, दाराकडे बघत बोलल्या.

"ह्याचे वडीलही," त्या म्हणाल्या, "दुकानात कधी कुणावर चिडले नाहीत."

सुनेने बॅग खाली ठेवली, त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या आणि दार उघडून वाट बघत उभी राहिली.