आठ प्रश्न

दिपमालाचं डोकं उठलं होतं. धुळ्यात घरी बसून ती चिपचे आराखडे तपासायची. लाखो शक्यता एकेक न तपासता एकाच आकृतीत बसवायच्या, हे तिचं रोजचं काम. आणि इथे शिंदखेड्याजवळच्या मळ्यात चार भावांच्या एका पंपाने तिला घाम फोडला होता.

नियम सोपा. ज्याची पाळी, त्याने आपलं बटण दाबायचं आणि आपला व्हॉल्व उघडायचा. दोन्ही झाल्याचं तारांवरून स्टार्टरच्या डब्याला कळल्याशिवाय पंप चालत नाही. तिच्या वडिलांनी, धाकट्या प्रेमराजभाऊंनी, स्टार्टरचा नवा डबा बसवला आणि आठवड्यात पंप बंद व्हॉल्ववर चालून पाइप फुटला. थोरले झुलाल नाना म्हणाले, नवा डबा जुन्यासारखा नसेल तर प्रेमराजची पाळी बंद. वडील म्हणाले, हुबेहूब तसाच आहे. तपासायचं दिपमालावर आलं.

तिने दोन्ही डब्यांच्या तारा वहीत उतरवल्या आणि नानांना रीत समजावली. एका वर्तुळात एक प्रश्न, अमक्याचं बटण दाबलंय का किंवा व्हॉल्व उघडा आहे का; ‘हो’ला उजवीकडे, ‘नाही’ला डावीकडे, शेवटी पंप चालू की बंद. ज्या प्रश्नाने काहीच फरक पडत नाही, तो खोडायचा. प्रश्नांचा क्रम तोच ठेवला, तर सारख्या डब्यांची आकृती सारखीच येते.

पण क्रम ठरवायला नाना बसले!

“आधी बठ्ठासना बटनं, मोठापासून. मंग व्हॉल्व.”

चार बटणं विचारून होईतो सोळा वाटा फुटल्या, कारण कोणी कोणी बटण दाबलं हे प्रत्येक वाटेला लक्षात ठेवावं लागत होतं. तीन कागद वाया गेले. पंगत आहे का ही, वयाने बसवायला?

“नाना, तुमना पाया पडस! ज्यानं बटन, लगेच त्यानाच व्हॉल्व इचारू द्या.”

नाना कुरकुरत का होईना, कबूल झाले. जुना डबा आठ वर्तुळांत एका पानावर मावला. मग नवा. सात वर्तुळं. तिने पुन्हा मोजली. वडिलांच्या व्हॉल्वचा प्रश्नच खोडला गेला होता. त्यांनी बटण दाबलं की व्हॉल्व बंद असला तरी पंप चालू.

तिने वही मिटायला घेतली. पण रीत तिनेच शिकवली होती. नानांचं बोट पानावर टेकलंच.

“आठवं कोठे शे?”

वडील खाली बघत म्हणाले, “मना व्हॉल्वनी तार तुटेल व्हती, नाना. दोन पाळ्या कोरड्या गयात. मंग मीच सरळ जोडी दिधी.”

“पाळी बंद,” नाना म्हणाले आणि उठले.

दिपमालाला सकाळपासून नानांचा राग येत होता. आता वडिलांचा आला. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण नानांच्या क्रमाच्या गुंत्यात हे कोणाला दिसलंच नसतं, आणि तो क्रम बदलायचा हट्ट तिनेच धरला होता.