ठेवीला झालेली पिल्लं

वकीलकाकांनी कोर्ट सोडून बरीच वर्षं झाली होती, पण कायद्याने काही काकांना सोडलं नव्हतं. गावाला निघालेल्या शेजाऱ्याने नुसती घराची किल्ली पुढे केली, तरी ते हात पाठीमागे घेत आणि आधी दोन प्रश्न विचारत. वस्तू काय? परत कधी नेणार? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला शिवायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. धोब्यांनी जाळलेले कोट आणि घड्याळजींनी हरवलेली घड्याळं यांच्यासाठी भांडण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

समोरच्या दारी दातांची डॉक्टर राहायची, एकटी. बहिणीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा ती आपला बोका काखेत घेऊन काकांच्या दारात उभी राहिली. बोक्याचं नाव हवालदार.

"काका, याला सांभाळाल?"

"वस्तू काय?"

"बोका, काका. दिसतोय की."

"परत कधी नेणार?"

"बाळाने जरा बाळसं धरलं की येतेच. दोन-अडीच महिने धरा."

काकांनी चष्मा लावून हवालदाराला चहूबाजूंनी न्याहाळलं, डाव्या कानावरचा ओरखडा आधीपासूनचाच आहे हे तिच्याकडून वदवून घेतलं आणि मगच त्याला ताब्यात घेतलं. "निर्धास्त जा. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जपतो तितकंच दुसऱ्याच्या ठेवीला जपावं, असं कायदाच सांगतो."

"झालं!" काकू आतून म्हणाल्या. "अगं, यांच्या स्वतःच्या छत्र्या कुठे आहेत ते विचार आधी!"

एवढी कसून तपासणी झाली, पण जे पाहायला हवं होतं ते नेमकं कुणीच पाहिलं नव्हतं. एके सकाळी काकूंनी कपाट उघडलं आणि त्या ओरडल्या, "अहो, धावा! हवालदार व्याला!"

काकांच्या जुन्या काळ्या कोटावर हवालदार ऐसपैस पहुडला होता आणि त्याच्या पोटाशी तीन पिल्लं लुचत होती. दोन पिवळी. तिसरं काळंकुट्ट, फक्त गळ्याशी पांढरं, अगदी वकिलाच्या बँडसारखं.

"हे तुमच्यावर गेलंय," काकू म्हणाल्या.

"थट्टा नको. ठेवीत जी वाढ होते तीही मालकाचीच असते. सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वासरूसुद्धा परत करावं लागतं. तिन्ही तिची."

हे बोलून काका मोकळे झाले खरे, पण काळ्या पिल्लाला कुठला आलाय कायदा? ते काकांच्या सपातेत झोपू लागलं. पेपर उघडला की त्यावर बसू लागलं. काका त्याला ज्युनिअर म्हणू लागले आणि जुने खटले रंगवून सांगू लागले. काकूंनी ते खटले ऐकायचं केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे काका अगदी खुलले.

डॉक्टर परत येणार असं कळल्यापासून काका ज्युनिअरला मांडीवरून खाली उतरवेनात. काकूंनी हळूच सुचवलं, "दोनच झाली म्हणू. तिला कुठे ठाऊक आहे?"

"हा अपहार आहे!" काका गरजले. मांडीवरच्या ज्युनिअरवर त्यांनी शालीचं टोक मात्र आणखी ओढून घेतलं.

ठरल्या दिवशी त्यांनी टोपली समोरच्या दारी नेली. डॉक्टरने तोंडात बोटंच घातली. "हवालदाराला? माझ्या हवालदाराला?" मग ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "काका, काळं तुम्हीच ठेवा. मी देते म्हणते ना!"

काकूंचा चेहरा उजळला. काकांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावरूनच मागे आला.

"नको. प्रत्येक लबाड धोबी कोर्टात हेच सांगायचा, मालकानेच दिलं म्हणून. मी त्या सगळ्यांची सालटी काढलीत. आता मीच तसं म्हणू?"

घरी येऊन त्यांनी पेपर उघडला. पेपरवर कुणी बसलं नाही. सपातेत पाय घालण्याआधी त्यांनी सवयीने आत वाकून पाहिलं, आणि म्हाताऱ्याला चक्क रडू आलं. जेवणही गेलं नाही. काकू भांडल्या नाहीत, उपदेशही केला नाही; पायांत चपला सरकवून त्या समोर जाऊन आल्या.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात डॉक्टर. घरातला गाऊन, ओले केस, ना बॅग ना पर्स. हातात ज्युनिअर.

"काका, मला पुन्हा बाहेरगावी जावं लागतंय. याला सांभाळाल?"

काकांनी तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं. तिच्या उघड्या दारातून गॅसवर शिट्टी देणारा कुकर ऐकू येत होता. उभ्या हयातीत त्यांनी याहून कच्चा साक्षीदार पाहिला नव्हता.

"वस्तू काय?" त्यांनी विचारलं.

"हे पिल्लू."

काकू श्वास रोखून दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत राहिल्या. डॉक्टरही.

काकांनी ज्युनिअरला दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं आणि म्हणाले, "सावकाश जा, पोरी." आणि तिने आणखी काही बोलायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.