खांबावरची काच

काच फुटत नव्हती, म्हणून म्हाताऱ्या आर्किटेक्टची झोप उडाली होती.

चर्चच्या चार मुख्य खांबांपैकी एकाला भेग होती. अशा भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टरने आडवी चिकटवतात. खांब केसभर जरी हलला तरी ती तडकते. आजवर जेव्हा जेव्हा तडकली, तेव्हा त्याने वर्षवर्ष काम बंद ठेवून पाया भक्कम केला होता. कामगार पाठीमागे त्याला 'थांबासाहेब' म्हणत. तरुणपणी हाती घेतलेल्या या चर्चपायी केस पांढरे झाले, मुलीचं लग्न झालं, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता घुमट बांधून झाला होता. खालचे लाकडी टेकू उद्या काढले, की सगळा भार खांबांवर येणार होता.

भेग त्याला रुंदावल्यासारखी वाटत होती. काच मात्र शाबूत.

"डोळे थकलेत, साहेब," मुकादम म्हणाला. "काच कशाला खोटं बोलेल?"

"आता उशीर नको, बाबा," जावई म्हणाला. तो म्हाताऱ्याच्याच ऑफिसात कामाला होता.

म्हाताऱ्याने नखाने प्लॅस्टर खरवडलं. नख आत रुतलं. जुनं प्लॅस्टर दगडासारखं असतं, हे कालपरवाचं होतं. म्हणजे काच कुणीतरी गुपचूप बदलली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं!

मग त्याला जो तो चोर दिसू लागला. मुकादमाने आपणहून चहा आणून दिला, तर याने तो हुंगून पाहिला. जावई हसला तर का हसला, आणि गप्प बसला तर का गप्प बसला? दोघांनाही घुमट मोकळा करायची घाई होती. कुंपणच शेत खात असेल, तर राखण कुणी करायची?

दुपारी सगळे जेवायला गेले. "मी घरी जातो," असं सांगून तो दगडांच्या ढिगाआड दडून बसला. गुडघे कुरकुरत होते. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि खांबापाशी त्याची बायको आली.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पिशवीतून काच आणि स्वयंपाकघरातलं उलथनं काढलं. पट्टीला नुकताच तडा गेला होता. तिने उलथन्याने ती सफाईने खरवडून काढली.

"अगं, काय करतेस?"

ती दचकली आणि मग उलट चिडली. "काच बदलतेय. झाडणाऱ्या बायकांचा धक्का लागून फुटते आणि तुम्ही वर्षभर काम थांबवून बसता."

"धक्का नाही गं. खांब खचतोय. किती बदलल्यास?"

"ही चौथी."

तो मटकन खाली बसला. तिला सगळं उमगलं.

"मला काय ठाऊक? इतक्या वर्षांत कधी सांगितलंत का, ही काच कशासाठी असते ते? मला वाटलं, एकदा हे पुरं झालं की तुम्ही घरी याल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

मुकादम आणि जावई परतले, तेव्हा तो उभा राहिला. "टेकूंना हात लावायचा नाही. पाया उघडा."

"किती वर्षं लागतील?" बायकोने मुकादमाला विचारलं.

"पाच-सहा तरी, वहिनी."

"तोवर हे असतील का?"



"मी नसलो तरी उघडा," म्हातारा म्हणाला. मग जावयाकडे वळला. "तुझ्यावर उगाच संशय घेतला. यापुढे तू बघ. आणि नुसती काच बघू नकोस, प्लॅस्टरही खरवडत जा."

त्याने बायकोची पिशवी उचलली आणि भर दुपारी, काम सुरू असताना, तो तिच्याबरोबर घरी निघाला. ती मात्र फाटकाबाहेर आल्यावरही त्याचं मनगट घट्ट धरून होती. या माणसाचा तिला भरवसा नव्हता.